जाळीचं घर

शेजाऱ्याच्या कुंपणापासून चार फूट जागा सोडावी.

द्राक्षाच्या पानांत भात-खिमा भरलेल्या दोल्म्यात केचप घालणाऱ्या सुनेकडे राहायला जाऊ नये.

परसातलं दुसरं घर सोळा फुटांहून उंच होणार असेल, तर आधी खांब रोवून, त्यांना नारिंगी जाळी बांधून, त्याचा आकार गावाला दाखवावा. मग सुनावणी.

शेजाऱ्याला भांडी घासताना काय दिसतं, हेही सुनावणीत विचारात घेतलं जातं.

या सगळ्यावर अरुस्याकबाईंचं म्हातारपण टांगलेलं होतं. थोरल्या मुलाच्या, वाहाग्नच्या परसात त्यांच्यासाठी छोटं घर मंजूर झालं तर उत्तम. नाहीतर फ्रेस्नो शहर, धाकटा मुलगा, त्याची बायको आणि ते केचप.

खांब उभे राहिले. आधी कळस, मग पाया, असा या कॅलिफोर्नियातल्या गावाचा कारभार! दुसऱ्या सकाळी वाहाग्न बघतो तर आई जाळीच्या आत. खाली गालिचा, दोन खुर्च्या, छोट्या शेगडीवर कॉफी.

"आई, हे अजून घर नाहीये."

"मग भाडं मागू नकोस."

"आणि शेगडी कशाला आणलीस? शेगडी आली की नियमानं ते दुसरं घर धरतात!"

"म्हणजे झालंच की घर. उगाच त्या आर्किटेक्टला पैसे दिलेस."

तेवढ्यात शेजारचे लिंडक्विस्ट मोजपट्टी घेऊन आले आणि जाळी उचलून वाकून आत शिरले. विरोधाचा अर्ज त्यांचाच होता.

"भिंतीतून काय येताय?" अरुस्याकबाई कडाडल्या. "दार तिकडे आहे!"

लिंडक्विस्ट ओशाळले. बाहेर गेले, वळसा घालून दोन खांबांच्या मधून आले, आणि गवतावरच बूट पुसून गालिच्यावर चढले.

"आता कसं! बसा. साखर किती?"

"बाई, मी विरोधक आहे."

"विरोधक साखर घेत नाहीत?"

दुसऱ्या कपाला त्यांनी दुखणं सांगितलं. भांडी घासताना समोरच्या खिडकीतून डोंगर दिसायचा, आता नारिंगी जाळी दिसते.

"दाखवा," म्हणत बाई तडक त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. माणूस खरं बोलत होता. डोंगराचं मुंडकंच उडालं होतं.

"तुम्ही शिडी लावा," त्या म्हणाल्या. "मी इथून सांगते."

मग गल्लीनं बघितलं ते असं : विरोधक शिडीवर, मालकीणबाई विरोधकाच्या खिडकीत.

"जाळी खाली घ्या! अजून! अहो, शिखर दिसलं, पण खांदे कुठायत? अजून खाली!"

संध्याकाळी वाहाग्न आला आणि डोक्याला हात लावून बसला. "आई, उंची सरकारमान्य माणसानं मोजून दिली होती! आणि वरच्या उंचीत माझा व्यायामाचा माळा होणार होता, त्याचं काय?"

"गेली दहा वर्षं जमिनीवर काय व्यायाम केलास, की आता माळ्यावर करणार आहेस?"

सुनावणीच्या आधी बांधकाम कचेरीतल्या बाई मोजायला आल्या. नकाशात अठरा फूट, जाळी चौदाला. त्यांनी दोनदा मोजलं.

"खांब आणि नकाशा जुळायलाच हवेत," त्या कडक आवाजात म्हणाल्या.

"मग नकाशा बदला," अरुस्याकबाई म्हणाल्या. "खांब बरोबर आहेत."

कचेरीबाईंनी नियम चाळले. मग पुन्हा चाळले. "चौदा फूट असेल तर... सुनावणी लागतच नाही. विरोधही चालत नाही. नवा नकाशा द्या आणि परवाना घ्या." मग घसा खाकरून म्हणाल्या, "मात्र सुनावणीच नाही, म्हणजे हे खांब बेकायदा ठरतात. आजच काढा."

"काढा? मग घर होईस्तोवर मी बसू कुठे?"

कुंपणापलीकडून लिंडक्विस्ट म्हणाले, "माझ्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या आहेत. शेगडीही कायदेशीर आहे."

"दारातून यायचं ना?" असं विचारून अरुस्याकबाईंनी कॉफीचं भांडं उचललं आणि गालिचा वाहाग्नच्या खांद्यावर टाकला.

लिंडक्विस्टना लहानपणापासून उंचीची भीती वाटते; तरी त्या दिवशी ते शिडीवर चढले होते.