सर्व्हरमधला गडगा

"शनिवारपर्यंत मला नाव पाहिजे," भिकाजीशेठ मयेकर म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा खटकन मिटला. "मशीन आपोआप नाही मरत, महिपत. कोणतरी मारतोय. नाव नाही मिळालं, तर चिपळूणच्या गोदामावर मला माणूस पाहिजेच आहे."

महिपत घाग केबिनच्या बाहेर आला तेव्हा त्याच्या नाकाला आत्तापासूनच चिपळूणच्या गोदामाचा वास येऊ लागला होता. ओली पोती, सुका बांगडा आणि पुरानंतर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ.

वास्तविक सर्व्हर आणायचा हट्ट त्याचाच. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत शेठची कोळंबी गोठवून परदेशी पाठवायची कंपनी होती. अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीत महिपतने शेठना पटवलं, की एक मोठा कॉम्प्युटर गार खोलीत ठेवायचा, त्याच्या पोटात सगळ्यांच्या फायली आणि तिथून केबल टाकून प्रत्येकाच्या टेबलावर एकेक छोटा कॉम्प्युटर. सुरुवातीचे दिवस मोठे सुखाचे गेले. बटण दाबलं की बिल समोर. आता बटण दाबायचं, चहा प्यायचा, पेला विसळून ठेवायचा, तरी पडद्यावर काही नाही. कोळंबीचा ट्रक फाटकात इंजिन चालू ठेवून कागदांची वाट बघत उभा राही आणि ड्रायव्हर येऊन विचारी, "काय साहेब, कागद पण गोठवायला टाकलेत काय?"

संशय घ्यायला महिपतला लांब जावं लागलं नाही. साठा लिहिणारा धोंडू गोताड आणि हिशेब लिहिणारा रघू गोताड हे चुलत-चुलत भाऊ. गावी दोघांच्या घरांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा, म्हणजे हद्दीची बुटकी भिंत, होता आणि तो पलीकडच्याने आपल्या बाजूला सरकवला, अशी दोघांचीही तक्रार होती. हा दावा त्यांच्या आजोबांनी लावलेला. नातवांनी तो भक्तिभावाने चालू ठेवला होता. ऑफिसात त्यांची टेबलं एकमेकांपासून हातभर अंतरावर, पण बोलणं बिलं करणाऱ्या मालन शिवलकरमार्फत.

"मालनताई, त्याला सांगा, कालचा साठा चुकलाय."

"धोंडूभाऊ, तुमचा भाऊ म्हणतो—"

"ऐकलं मी. त्याला सांगा, साठा नाही चुकला, तो चुकलाय."

महिपतने आपलं टेबल कोपऱ्यात अशा बेताने सरकवलं, की तिघांच्या मानेमागून तिघांचे पडदे दिसावेत. एवढ्याने त्याचं समाधान होईना. मग त्याने डोकं लढवून एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा कॉम्प्युटर आता दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने, सगळ्यांच्या सगळ्या फायलींची गुपचूप नक्कल करून स्वतःच्या जागेत ठेवणार होता. कोणी काय बिघडवलं ते ताडून बघता आलं असतं.

त्या दिवसापासून सर्व्हर आणखी मंदावला.

महिपतची खात्री पटली, की चोराला सुगावा लागला आहे.

"मालनताई," तो दुपारी डबा खाताना हळूच म्हणाला, "गेल्या आठवड्यात तुम्हाला काही वेगळं दिसलं काय हो?"

"दिसलं ना," मालन म्हणाली. "तुम्ही सारखे माझ्याकडे बघताना दिसलात. घरी सांगितलं मी."

महिपतने उरलेली भाकरी खाली मान घालून संपवली आणि संशयितांत मालनचंही नाव घातलं.

शुक्रवारी पुण्याहून परचुरे नावाचे इंजिनियर एस.टी.ने आले. त्यांनी आधी केबल तपासली. भिंतीच्या कडेने रांगत त्यांनी प्रत्येक जोड हलवून पाहिला, उंदराचे दात लागलेत का ते पाहिलं. केबल धडधाकट होती. मग ते गार खोलीत जाऊन बसले आणि सर्व्हरच्या पोटात काय काय आहे ते वाचू लागले. बाहेर आले ते कपाळाला आठ्या घेऊन.

"साठ्याची एकच फाईल इतक्या वेळा कशाला?"

धोंडूने मान वर केली. "सकाळी आल्या आल्या बघायला नको? आपण घरी गेल्यावर कोणी मेल्याने आकडा सरकवलान तर? म्हणून मी जाताना एक नक्कल ठेवतो, येताना उघडून ताडून बघतो. जेवायला उठलो की आणखी एक."

"आणि हिशेबाच्या?"

"तो ठेवतो म्हणून मी ठेवतो," रघू म्हणाला. "त्याच्या दोन तर माझ्या तीन. आणि त्याच्या साठ्याची पण एक ठेवतो. पुरावा."

"माझ्यापण आहेत," मालनने आपण होऊन सांगितलं. "दोघांच्या मध्ये राहायचं तर दोन्हीकडचा गडगा बघावा लागतो, साहेब."

परचुऱ्यांना गडगा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण डिस्क गच्च का भरली आणि दिवसभर केबलीतून कोणाची वर्दळ चालते, ते त्यांच्या लक्षात आलं. "आता सगळ्यांनी कीबोर्डवरचे हात काढा," ते म्हणाले.

सहा हात वर झाले. गार खोलीच्या काचेतून सर्व्हरचा लाल दिवा दिसत होता. तो तसाच लुकलुकत राहिला.

परचुरे टेबलांवरून नजर फिरवत फिरवत कोपऱ्यात आले. महिपतच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला नव्हता, तरी तो मन लावून काम करत होता. महिपतने पुढे होऊन आपला प्रोग्रॅम बंद केला. धोंडू आणि रघूने कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एकमेकांकडे सरळ बघितलं.

दिवा मात्र लुकलुकतच होता.

आता ऑफिसात एकच कॉम्प्युटर राहिला होता. सगळ्यांनी शेठच्या केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी महिपतकडे पाहिलं. नाव सांगायचं काम त्याचं होतं.

महिपत दार ढकलून आत गेला तेव्हा शेठ खुर्ची पुढे ओढून पडदा बघत बसले होते. मशीन बसवायला आलेल्या माणसाकडून त्यांनी गुपचूप एक सोय करून घेतली होती. सगळ्यांच्या फायली एकामागून एक, दिवसभर, त्यांच्या पडद्यावरून सरकत राहायच्या.

"नाव?" शेठ म्हणाले.

महिपतच्या जिभेवर धोंडू आला, रघू आला. दोन्ही सोपे होते. पण बाहेर तिघांनी सगळं पाहिलं होतं, आणि परचुरे अजून होतेच.

"धोंडू, रघू, मालनताई," तो म्हणाला. "आणि मी. सगळेच एकमेकांवर नजर ठेवून होतो, शेठ. त्या ओझ्याने मशीन बसलं."

"चार नावं. चिपळूणला जागा एकच आहे."

"पाचवं पण आहे," महिपत म्हणाला आणि सरकत्या पडद्याकडे बघत राहिला.

शेठनीही तिकडे बघितलं. मग पानाचा डबा उघडला.

"आमच्या घराशेजारी पण गडगा होता," ते सुपारी कातरत म्हणाले. "मी लहानपणी रोज सकाळी बघायला जायचो, शेजाऱ्याने सरकवलान काय. पुढे कळलं, सरकवायचा तो आमचाच बापूस."

त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

"चिपळूणला कॉम्प्युटर नाही ना?"

"नाही, शेठ."

"मग तू इथेच बस. तिथे गोदामात एकटा असलास तर तुझ्यावर नजर कोण ठेवणार?"

परचुऱ्यांनी सगळ्या नकला पुसल्या, शेठची सोय काढून टाकली आणि प्रत्येकाला सर्व्हरमध्ये कुलपाची स्वतंत्र खोली करून दिली. ज्याची खोली, त्याचाच पासवर्ड. संध्याकाळच्या एस.टी.ने ते पुण्याला गेले.

सोमवारी सर्व्हर असा पळाला, की बटणावरचं बोट उचलण्याआधी बिल समोर यायचं. ट्रक वेळेवर सुटला. ड्रायव्हरला बोलायला काही उरलं नाही. ऑफिसात मात्र कोणाला चैन पडेना. चौघेही पडद्याकडे रोखून बघत होते.

"मालनताई," शेवटी धोंडू म्हणाला, "त्याला विचारा, आज एवढं भराभर कसं काय चालतंय?"

"त्याला सांगा," रघू म्हणाला, "मी पण तेच विचारणार होतो."

महिपतने आवाज न करता आपली खुर्ची थोडी डावीकडे, तिघांचे पडदे नीट दिसतील अशी घेतली. तेवढ्यात शेठच्या केबिनचं दारही बोटभर उघडलं आणि उघडंच राहिलं.