दोघांचं पथ्य

माझा अभिमन्यू जेवायला बसला की स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागतो. पालेभाजी ताटाच्या कडेला सारायची, कोशिंबिरीला हात लावायचा नाही, नाचणीच्या उकडीचे गोळे, रागी मुद्दे, बघून तोंड वाकडं करायचं. आणि उठताना बायकोला उपदेश, "तू नीट खात जा गं, दिव्या. डॉक्टरांनी सांगितलंय ना." वर हसतो. ते हसणं बघितलं की हातातला डाव त्याच्या डोक्यात घालावासा वाटतो.

मी शाळेत फार गेले नाही. सही करते, बसची पाटी वाचते, पुष्कळ झालं. पण या घरात चुलीपुढं माझा शब्द चालतो. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात आहेत, आणि गल्लीतल्या कानडी बायकासुद्धा लेकीसुनांच्या डोहाळजेवणाचा बेत मला विचारून ठरवतात. माझ्याच सुनेच्या डोहाळजेवणाचा योग मात्र येत नव्हता. लग्नाला चार वर्षं झाली.

मग दोघं जयनगरला डॉक्टर विमलांकडं जाऊन आले. अभिमन्यूनं चप्पल काढता काढताच सांगितलं, "आई, दिव्याला रक्त कमी आहे. खायला घाल तिला." बास. एवढंच. मी पदर खोचला. शेवग्याचा पाला, मुगाची उसळ, तीळ घालून गुळाची पोळी, रोज एक अंडं. डॉक्टरांनी दिलेली फॉलिकची गोळी तर मी स्वतः तिच्या हातावर ठेवायची.

त्यात आमच्या वन्सं आल्या. गोजराबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण, आनेकलला असतात. हे गेल्यापासून भावाच्या घराची काळजी यांनाच जास्त. बसमधून उतरल्या की आधी नाक माझ्या पातेल्यात.

"अंडं? तीळ? अगं, उष्ण पडेल तिला! गर्भ धरायच्या आधीच करपून जाईल."

शेवगा बंद, गूळ बंद, अंड्याचं तर नाव काढायचं नाही. वर दिव्याला सोमवार लावून गेल्या. दिवसभरात एक केळं, कपभर दूध, आणि शंकराकडं मूल मागायचं.

"पोट रिकामं ठेवून कोण पोट भरायला मागतं, वन्सं?" मी विचारलं.

"देवाशी हुज्जत घालू नकोस."

मी अभिमन्यूकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये. "असू दे की आई. आत्याला बरं वाटतं."

आत्याला बरं वाटावं म्हणून माझी सून जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबते, ते याला दिसत नाही. मी रागावले, ताट पुढं ढकललं, पण ती पोरगी हट्टी. "राहू द्या अत्ते, घरात भांडण नको," म्हणून केळं सोलायची. सासूला ती कानडी रीतीनं अत्तेच म्हणते.

गेल्या सोमवारी परत डॉक्टरांकडं जायचं होतं. अभिमन्यूला हेब्बाळला मीटिंग. डॉक्टरांचा दिवस आला की याच्या ऑफिसला मीटिंग सुचते. मग मी गेले. डॉक्टर विमलांनी दिव्याची पापणी खाली ओढून बघितली आणि भडकल्याच.

"उपास कुणी सांगितले? रक्त वाढवायचंय की आटवायचंय? अम्मा, उष्ण पडतं म्हणून काहीही तोडू नका. डाळी, अंडी, पाला, फळं, सगळं खाऊ दे तिला. चांगलं खाल्लं म्हणून मूल होईलच असं मी म्हणत नाही. पण अंगातच काही नसेल तर माझं औषध काय करणार?"

कानडीत बोलत होत्या, मला शब्दन्‌शब्द कळत होता. मग दिव्याकडं वळल्या. "आणि यजमान? सिगारेट सुटली? मी सांगितलेलं खातात ना?"

दिव्यानं मान खाली घातली. "हो मॅडम. स्वल्प स्वल्प."

खोटं! आदल्याच दिवशी तो गच्चीवरून उतरला तेव्हा त्याच्या शर्टाला वास येत होता. आणि खातो म्हणजे काय खातो? डॉक्टरांनी यालाही सांगितलं होतं? बाहेर आल्यावर तिला कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, नेलं आणि तिच्यापुढं इडली-वडा ठेवला.

"अत्ते, आज सोमवार आहे."

"शंकराला मी बघते. तू खा आणि बोल."

खाता खाता रडली, आणि बोलली. पथ्य पहिल्या दिवशीच दोघांना सांगितलं होतं. अभिमन्यूची तपासणी हिच्यापेक्षा वाईट आली होती. सिगारेट सोड, बिअर सोड, संध्याकाळचे पफ आणि कबाब बंद कर, भाज्या-डाळी-फळं खा, वजन उतरव. पुरुषाचं बीज नव्यानं तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तेवढं पाळ आणि परत तपासायला ये. हा परत गेलाच नाही. बायकोला तेवढं बजावलं, घरी बोलायचं नाही.

"तुम्हीही कुणाला सांगू नका, अत्ते. त्यांना लाज वाटेल."

"आणि तुला वाटत नाही, वन्सं तुला बोलतात तेव्हा?"

"मला सवय झाली."

सवय झाली! माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत! अंगाचा नुसता भडका उडाला. पण तिनं माझा हात सोडला नाही, शेवटी शब्द द्यावाच लागला की माझ्या तोंडून हे बाहेर जाणार नाही.

रविवारी वन्सं आल्या. रविवारी आमच्याकडं मटण असतं. रीत अशी की पुरुष आधी बसतात, नळ्या आणि चांगले तुकडे त्यांच्या ताटात, सुनेला सगळ्यांच्या शेवटी उरलेला रस्सा. अभिमन्यूचं ताट वन्संनी स्वतः भरलं. वाढता वाढता म्हणाल्या, "अजून किती वाट बघायची रे? आनेकलला एक मुलगी आहे. घरंदाज, अंगानं भरलेली. हिला काय, माहेर आहे की. पडीक रानात किती पेरणार तू?"

दिव्या दारात भाताचं पातेलं घेऊन उभी होती.

मी पोराकडं बघत राहिले. आईच ना मी. वाटलं, तोंडातला घास गिळेल आणि बोलेल. त्यानं घास गिळला. म्हणाला, "आत्या, अजून एक नळी आहे का?"

मी त्याच्यापुढचं ताट उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. नवं ताट घेतलं, चांगले तुकडे वाढले, पाल्याची भाजी वाढली, आणि दिव्याला दंडाला धरून त्याच्या शेजारच्या पाटावर बसवलं.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" वन्सं ओरडल्या. "जेवत्या पुरुषाचं ताट ओढतेस?"

"वन्सं, तुमचा हिशेब नंतर. आधी माझ्या पोराचा."

"आई, सगळ्यांसमोर तमाशा नको," अभिमन्यू म्हणाला. कान लाल झाले होते. "आत चल, बोलू."

"तिला पडीक म्हटलं ते सगळ्यांसमोर. तेव्हा कुणी आत नेलं तिला?"

"अत्ते, नको..." दिव्या म्हणाली.

"तू जेव. मी शब्द मोडत नाही. मी काही सांगणार नाही, हा सांगेल." मी त्याच्यासमोर उभी राहिले. "ऐक, अभिमन्यू. अंगात काही कमी असणं हा गुन्हा नाही. त्याला डॉक्टर आहे, पथ्य आहे, रांधायला मी आहे. पण बायकोला पुढं करून तिच्या पदराआड नळ्या चोखत बसणं, याला माझ्याकडं माफी नाही. डॉक्टर तुला काय म्हणाल्या ते आत्ता, आत्यासमोर, तुझ्या तोंडानं सांग. सांगितलंस तर उद्यापासून दोघांना शेजारी बसवून वाढीन, जे तिला तेच तुला. नाही सांगितलंस तर दिव्या इथं माझी लेक म्हणून राहील, आणि तू आत्याबरोबर आनेकलला जा, तिच्या हातचं खा. बोल आता, भात निवतोय."