नुसतं वाजवणं

मित्रांनो, नाक मुरडण्याआधी जरा थांबा. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझे झाकण रबरबँडने बांधलेले आहे, आवाज मोठा-लहान करायचे चाक गळून पडले आहे आणि पुस्तकांच्या कपाटावर बसून मी दिवसभर समोरच्या टेबलाकडे बघत असतो. पण एका माणसाचा अख्खा जन्म माझ्या पोटातून गेला आहे. त्याचे पुस्तक झाले, वाहवा झाली आणि त्याच्या आयुष्यात जे सगळ्यात खरे होते तेच नेमके बाहेर राहिले. माझी कहाणी गोड नाही. गोड कहाणी हवी असेल तर खालच्या कप्प्यातल्या चावीच्या बाहुलीला विचारा. तिला एकच धून येते आणि ती कायम आनंदात असते.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. एकीने माझ्यात मोटर बसवली, दुसरीने पट्टा चढवला, तिसरीने बटणे लावली. शेवटी बसलेल्या बाईंचे काम मला तपासण्याचे. त्या माझ्यात म्हणाल्या, "एक, दोन, तीन, आज मला सर्दी झालीये," आणि शिंकल्या. मी ते सगळे शिंकेसकट परत म्हणून दाखवले. त्या हसल्या आणि माझ्यावर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. जसे ऐकले तसे सांगायचे, पदरचे काही घालायचे नाही, हा माझा धर्म तेव्हाच ठरला. माणसांचे काय ठरले होते, ते मला अजून कळलेले नाही.

दुकानाच्या काचेतून मला एका मुलीने विकत घेतले, तिच्या वडिलांसाठी. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबा जॅझ वाजवणारे सॅक्सोफोनवादक. एका मोठ्या हॉटेलाच्या नाचाच्या दालनात त्यांनी चाळीस वर्षे वाजवले. त्यांचे सगळे नाव मात्र एका रेकॉर्डवर उभे होते. तीन मिनिटांची धून, आणि तिच्या मध्यावर एकट्या सॅक्सोफोनचा तुकडा. ज्यांना जॅझ कशाशी खातात हे ठाऊक नव्हते, तेसुद्धा तो तुकडा गुणगुणत.

"रोज त्याच त्याच गोष्टी मला सांगता, त्या आता याला सांगा," मुलगी म्हणाली. "मी टाइप करून तुमचं पुस्तक करते."

तीन वर्षे आमचा परिपाठ चालला. दुपारचा चहा झाला की बाबा माझ्यासमोर बसत. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी असते, ती ओली असावी लागते. ती ते आधी तोंडात धरून भिजवत बसत, मग काढून बशीत ठेवत आणि बोलायला लागत. सोप्या गोष्टी भराभर येत. अवघड गोष्ट आली की ते खाकरत, पट्टी बसवून सॅक्सोफोन उचलत आणि पंधरा-वीस मिनिटे वाजवत राहत. मग तो मांडीवर आडवा ठेवून अगदी खालच्या आवाजात ती गोष्ट सांगून टाकत. बायको शेवटच्या घटका मोजत असताना आपण कुठल्याशा पार्टीत वाजवत होतो, हे त्यांनी असेच सांगितले. दारूची तीन वर्षेही अशीच.

अधूनमधून काका येत. काका म्हणजे बँडमध्ये बाबांच्या शेजारच्या, दुसऱ्या खुर्चीवर बसणारे सॅक्सोफोनवादक. तीस वर्षे दोघांचे कोपर एकमेकांना लागत होते. काका मितभाषी. ते एवढेच विचारत, "पुस्तक कुठवर आलं?"

"येतंय रे," बाबा म्हणत. "तुझं सगळं आहे त्यात. शब्द देतो."

एका दुपारी बाबांनी पट्टी भिजवली ती बशीत ठेवलीच नाही. सॅक्सोफोनला बसवून सरळ वाजवायला घेतले. ती प्रसिद्ध धून त्यांनी उलटसुलट, मोडून, पुन्हा जोडून वाजवली. मग थांबले आणि म्हणाले:

"रेकॉर्डच्या दिवशी दाराची कडी लागून माझा ओठ फुटला. रक्त थांबेना. कंपनीची माणसं घाईत. मग दुसऱ्या खुर्चीवरचा उठला आणि माइकसमोर गेला. तो तुकडा त्याचा आहे. तिथल्या तिथे सुचला त्याला, एकाच दमात वाजवला. लेबलवर माझं नाव आधीच छापलेलं होतं. म्हटलं, दुरुस्त करून घेऊ. नाही घेतलं. लोक तोच तुकडा मागायला लागले, तेव्हा मी रेकॉर्ड ऐकून ऐकून तो बसवला. तीस वर्षं तो शेजारी बसून मला साथ करत होता. लाज मला वाटायला हवी होती, आणि मान खाली तो घालायचा."

मग त्यांनी त्याचे नाव घेतले, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. बटण बंद करून त्यांनी कपाळ पुसले. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले.

मुलगी ऑफिसातून आली की मला घेऊन टाइप करायला बसे. तिचे बाबांवर फार प्रेम होते, हे मी खोटे सांगणार नाही. पण त्या घरात सॅक्सोफोनचे कुणालाच कौतुक नव्हते, मित्रांनो. त्या आवाजात तिने कानांत बोळे घालून परीक्षा दिल्या होत्या. बाबांनी एकदा तोंडाला लावला की ताट गार होईपर्यंत खाली ठेवत नाहीत, हे तिथले वेदवाक्य. त्यामुळे सॅक्सोफोनचा पहिला सूर आला की तिचे बोट माझ्या 'पुढे' बटणावर जाई. सबंध बाजू गुंडाळून ती कॅसेट काढी आणि तिच्यावर लिही, 'नुसतं वाजवणं'. मी उंदरासारखा चीं चीं करत असे. माझ्या हातात तेवढेच होते. चौसष्ट कॅसेटींपैकी अकरा अशा बाजूला पडल्या, आणि बाबांना जे जे सांगायला जड गेले ते सगळे त्या अकरांत होते.

पुस्तक यायला नऊ वर्षे लागली. एक प्रकाशक वारला, दुसऱ्याने फोटो हरवले, तिसऱ्याला घाई नव्हती. बाबांचे चाहते विचारून विचारून थकले. काका तेवढे थकले नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन येई. तोवर त्यांचे दात पडले, वाजवणे सुटले, वाचायला भिंग लागू लागले.

शेवटी एकदाचा प्रकाशनाचा दिवस उजाडला. मला पुसूनबिसून सॅक्सोफोनच्या शेजारी मांडले. पुस्तकाला त्या धूनचेच नाव होते आणि मुखपृष्ठावर रेकॉर्डचा फोटो. एक वक्ते गदगदून म्हणाले, "एवढं आयुष्य पाहिलेला माणूस, पण कुठे कडवटपणाचा लवलेश नाही!" टाळ्या पडल्या. कडू तेवढे सगळे अकरा कॅसेटींत बंद होते, लवलेश येणार कुठून? तिसऱ्या रांगेत काका भिंग घेऊन पाने उलटत होते. एका फोटोखाली ते स्वतःला सापडले: 'डावीकडून तिसरे, बँडमधील एक सहकारी.' त्यांनी पुस्तक मिटले आणि भिंग खिशात ठेवले.

चार दिवसांनी ते घरी आले.

"बाळ, तो माझ्याविषयी काही बोलला नाही?"

"काका, मी सगळ्या टेपा ऐकल्यात. शब्दन् शब्द टाइप केलाय."

"सगळ्या?"

"म्हणजे, बोललेल्या सगळ्या. काहींत नुसतं वाजवणंच होतं, त्या सोडल्या."

"त्यातली एखादी लाव."

अकरांतून तिने तारखेवरून, बाबा त्या रेकॉर्डच्या काळाविषयी सांगत होते तेव्हाची कॅसेट शोधून लावली. सॅक्सोफोन सुरू झाला आणि तिचे बोट आपोआप बटणाकडे गेले. काकांनी तिचे मनगट धरले. "राहू दे. मला ऐकायचंय."

एकोणीस मिनिटे दोघे बसून होते. मग बाबांचा आवाज आला. मी जसे ऐकले होते तसे सांगितले.

मुलगी रडायला लागली. काकांनी माझे बटण बंद केले. "बोलला होता तर," ते म्हणाले. "आणि नऊ वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या."

"दुसऱ्या आवृत्तीत घालते, काका. शब्द देते."

काही महिन्यांनी प्रकाशक घरी आले. "पुस्तकाचं नावच ती धून," ते म्हणाले. "आता हे छापलं तर पुस्तकाचं हसं होईल. ते जाऊ दे, पण तुमच्या वडिलांचं काय राहील?" मुलगी भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "काहीतरी मधला मार्ग काढू या." तो शब्द ऐकला आणि मला तिचा राग आला. आजही येतो.

दुसरी आवृत्ती घ्यायला काका स्वतः आले. तिने पान काढून दिले. खाली बारीक अक्षरात एक टीप होती. काकांनी भिंग धरून ती मोठ्याने वाचली: "या ध्वनिमुद्रणात बँडमधील सहकाऱ्यांची मोलाची साथ लाभली."

"साथ," काका म्हणाले.

"सध्या एवढंच जमलं, काका. तिसऱ्या आवृत्तीत नक्की—"

"बाळ, मी ब्याऐंशीचा आहे."

पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवले. दाराशी बूट घालायला त्यांना फार वेळ लागला. ती मदत करायला वाकली, तर त्यांनी हाताने नको म्हटले.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी धूळ पुसा, भंगारात टाकू नका, अशी विनवणी करायची असते. मला खुशाल भंगारात द्या. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही सांगायला घेतले तर शेवटपर्यंत ऐका. आणि त्यात कुणाचे देणे निघाले, तर तो माणूस जिवंत आहे तोवर त्याचे त्याला द्या.

काका मागच्या महिन्यात गेले. त्यांचे जवळचे असे कुणी उरले नव्हते, म्हणून वर्तमानपत्रात द्यायच्या चार ओळी मुलीनेच लिहिल्या. ती टाइप करत होती आणि मी कपाटावरून बघत होतो. आधी तिने काकांचे पूर्ण नाव टाइप केले. मग लिहिले, 'प्रसिद्ध धूनचे'. तिथे तिची बोटे थांबली. ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. शेवटचा शब्द तिने खोडला आणि त्या जागी लिहिले, 'सॅक्सोफोनवादकाचे साथीदार'.