अठरावी खाच

भागीरथीचा उजवा हात अठराव्या खाचेला पोचला की थांबायचा. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. शहापूरच्या बसस्टँडमागच्या छोट्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात भिंतीला एक लाकडी पट्टी उभी ठोकलेली होती. तिला खालपासून वरपर्यंत खाचा पाडलेल्या आणि प्रत्येक खाचेपुढे आकडा. भिंतीजवळ उभं राहायचं आणि बोटांनी एकेक खाच चढत हात वर न्यायचा. भागीरथी सोळापर्यंत झरझर जायची, सतराला तोंड वाकडं करायची, अठराला "आई गो!" म्हणून ओरडायची आणि हात खाली टाकून द्यायची.

तिचं ओरडणं इतकं खरं वाटायचं, की गुडघ्याला शेक घेत बसलेला भातसानगरचा चंदर कळवळून उपचार करणाऱ्या हर्षालीला म्हणायचा, "मॅडम, जरा दमानं घ्या. म्हातारं माणूस हाय."

"म्हातारा असशील तू..." एवढं बोलून भागीरथी जीभ चावायची. दुखणाऱ्या माणसाने इतक्या जोमात भांडायचं नसतं, हे तिला कळत होतं.

कारण खरी गोष्ट अशी, की तिचा खांदा बरा झाला होता. सापगावच्या घरी कोणी बघत नसलं की ती त्याच हाताने माळ्यावरचं सूप काढायची आणि दोरीवर गोधडी वाळत टाकायची. कोणाची चाहूल लागली, की लगेच हात पोटाशी धरून कण्हायची. सत्तावन्न वर्षांची ही बाई. विळा लागून बोट फाटलं तरी चिंधी बांधून कापणी पुरी करणारी. तिने हे सोंग का घ्यावं? तर त्यासाठी आधी बासमतीची गोष्ट सांगायला हवी.

भागीरथीच्या घरातली भाताची कणगी कधी रिकामी राहिली नाही. नवरा वारला त्या वर्षीही तिने जमीन पडीक टाकली नव्हती. अशा घरात मुरबाडची मनस्वी सून म्हणून आली. पोरगी हुशार, हाताने चलाख, आसनगावला एका गोदामात पॅकिंगच्या कामाला जाणारी. लग्नाला सहा महिने झाले आणि गोदामातल्या मैत्रिणींचं जेवायला यायचं ठरलं. मनस्वीने बिर्याणीसाठी दुकानातून पाच किलो बासमती आणला. कणगी भरलेली असताना सून दुकानातून तांदूळ आणते! भागीरथीला वाटलं, भर आळीत कोणी आपल्या थोबाडीत मारली. ती पाहुण्यांसमोरच म्हणाली, "का गो, आमचा तांदूळ काय गुरांना घालतो आमी?"

मैत्रिणी गेल्यावर मनस्वीनेही मनात होतं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं. आठ दिवसांत मागच्या पडवीत दुसरी शेगडी आली आणि एका छपराखाली दोन चुली झाल्या. एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा असलेला हरेश बिचारा कोणालाच नाही म्हणू शकला नाही. तो दोन्हीकडे जेवत राहिला आणि वर्षभरात चांगला गरगरीत झाला. सासूसुना मात्र एकमेकींशी शब्द बोलेनात. निरोप द्यायचा असला तर तोही हरेशच्या तोंडून जायचा.

मग गेल्या भातझोडणीच्या वेळी भागीरथीचा खांदा धरला. तिने तेल लावलं, बिब्बा लावून कातडी भाजून घेतली, विटेचा शेक घेतला. कोणीतरी सांगितलं, हात बिलकुल हलवू नको. म्हणून दोन महिने तिने तो पदरात बांधून ठेवला आणि तिथेच घात झाला. न हलवलेला खांदा आखडून बसला. पौषात हात कानापर्यंतही जाईना. डाव्या हाताने ती स्वयंपाक रेटायची, पण केसांचं काय करणार? कमरेपर्यंत केस, आणि एका हाताने अंबाडा काही बांधता येत नाही. चार दिवस तिने ते तसेच पदराखाली झाकले.

पाचव्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसून डाव्या हाताने झटत होती. फणी गुंत्यात अडकली, पुढे जाईना की मागे येईना. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात कोणीतरी मागून फणी काढून घेतली.

"तेल कुठं हाय?" मनस्वीने विचारलं.

सव्वा वर्षातलं हे तिचं सासूशी पहिलं वाक्य.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता, कामाला निघायच्या आधी, मनस्वी पडवीतून ओट्यावर यायची. पहिले काही दिवस नुसता फणीचा आवाज. मग हळूहळू बोलणं सुरू झालं. एक पुढे बसलेली, एक मागे उभी, तोंड कोणाचं कोणाला दिसत नव्हतं, आणि तोंड दिसलं नाही की भांडणही तितकंसं आठवत नाही. मनस्वी गोदामातल्या गमती सांगायची. भागीरथी हरेशच्या लहानपणीच्या खोड्या सांगायची. एकदा केस विंचरता विंचरता मनस्वीचा हात थांबला आणि तिने सांगितलं, की मागच्या वर्षी दिवस गेले होते आणि दोन महिन्यांतच गर्भ पडला. हरेशशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. भिंतीपलीकडे पोर एवढं सोसत होती आणि आपण इकडे बासमती धरून बसलो होतो, असं भागीरथीच्या मनात आलं. तिने डावा हात मागे नेऊन सुनेचं मनगट घट्ट धरलं. त्या दिवशी मनस्वीची बस चुकली.

आणि खांद्यासाठी दवाखान्यात नेलं तेही मनस्वीनेच. "आई, असाच राहिला तर कायमचा जाईल हात," असं म्हणून तिने रजा टाकली आणि सासूला रिक्षात घातलं.

दवाखाना हर्षालीचा. खर्डीची पोरगी, दिसायला शाळकरी, पण कामात भलती कडक. तिने खांदा तपासला, शुगर आहे का विचारलं आणि व्यायाम लिहून दिले. भागीरथीला हसू आलं. "आमी दिवसभर राबतो बाय. आमाला कसला व्यायाम? तू आपला करंट लाव."

"करंट लावीन, शेकही देईन. त्याने दुखणं कमी होईल, पण खांदा सुटणार नाही," हर्षाली म्हणाली. "मावशी, राबताना हात पुढे जातो आणि खाली जातो. वर आणि पाठीमागे कधी जातो, सांगा बघू?"

भागीरथीने मनातल्या मनात भाताची आवणी केली, कापणी केली, भांडी घासली. पोरीचं बरोबर होतं.

मग रीतसर उपचार सुरू झाले. आधी गरम पिशवीचा शेक, मग खांद्याला चिकट पट्ट्या लावून मुंग्यांसारखा करंट. त्यानंतर दाराला बांधलेल्या कप्पीची दोरी डाव्या हाताने ओढून उजवा हात वर न्यायचा आणि शेवटी भिंतीवरची पट्टी. घरी वाकून, पाण्याचा तांब्या हातात धरून हात झुलवायचा. टॉवेल पाठीमागून दोन हातांत धरून घासायचा. हे टॉवेलचं कामही मनस्वीच करून घ्यायची. "अजून थोडा, आई, अजून थोडा," म्हणत ती टोक वर ओढायची आणि भागीरथी तिच्या सात पिढ्या उद्धरायची. पाचवी खाच, नववी, तेरावी. चैत्र सरता सरता एके दुपारी भागीरथीने सहज मानेवर हात नेला, तर तो आपल्या पायाने चालत गेल्यासारखा थेट अंबाड्याला जाऊन लागला.

तिला आनंद झाला आणि त्याच घटकेला धस्स झालं. हात बरा झाला म्हणजे सकाळची फणी संपली. मग मनस्वी पडवीत, आपण स्वयंपाकघरात, आणि मध्ये गरगरीत हरेश. त्या मुक्या घरात पुन्हा जायचं तिच्या जिवावर आलं. म्हणून अठरा. अठराला अंबाडा बांधता येत नाही, हे तिने हिशेबाने ठरवलं होतं.

पण सोंगाला पाय फुटले. तीन आठवडे खांदा हलत नाही म्हणताना हर्षाली काळजीत पडली. पुढच्या आठवड्यात फरक नाही पडला तर ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू, कदाचित भूल देऊन खांदा मोकळा करावा लागेल, असं तिने हरेशला फोनवर सांगितलं. हरेशने सुट्टी काढली. आणि दुसऱ्या दिवशी केस विंचरताना मनस्वी म्हणाली, "मी पण येते ठाण्याला. भूल देणार म्हणजे बाईमाणूस जवळ पायजे." भागीरथीला भुईने पोटात घ्यावं असं झालं.

बुधवारी हर्षालीने तिला भिंतीकडे नेलंच नाही. पलंगावर उताणी झोपवली, मनगट हातात धरलं आणि खांदा सैल सोडायला सांगितलं. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी काढत विचारलं, "मावशी, तुमच्याकडे दोन चुली हायत म्हणे? भांडण कशावरनं झालं?"

झालं. बासमतीचा विषय निघाल्यावर भागीरथीला कुठलं भान राहतंय! "काय सांगू तुला, पिशवी आणली ती आणली, वर लपवून ठेवली. कुठं? तर माळ्यावर, हितं वर!" असं म्हणत तिने हात डोक्यामागे पार पलंगाच्या दांडीपर्यंत नेऊन जागा दाखवली.

हात तिथेच राहिला. पलीकडे चंदरने पेपर खाली केला आणि पुन्हा तोंडासमोर धरला.

"किती दिवस झाले?" हर्षालीने हळूच विचारलं.

भागीरथीने सगळं सांगितलं. फणी, ओटा, सात वाजताची वेळ, मुकं घर. सांगताना तिला लहान पोरीसारखं रडू फुटलं. "दुखतंय म्हनून येते गो ती. नाय दुखलं तर कशाला येल?"

हर्षालीने तिला पाणी दिलं. "मावशी, कागदावर मी खांदा मोकळा झाला असंच लिहिणार. ठाण्याला जायचं नाय, हे मी हरेशला सांगते. बाकीचं घरी तुमी सांगायचं." आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "व्यायाम सोडायचे नायत. पुन्हा आखडेल."

संध्याकाळी हरेशचं "बरं झालं, आता ठाणं टळलं" एवढंच मनस्वीच्या कानावर गेलं. आपणहून सांगायला भागीरथी दोनदा पडवीच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा परत फिरली. जिभेने जमणार नाही, हे तिने ओळखलं.

सकाळी ती लवकर उठली. ओट्यावर बसून तेल लावलं, गुंता काढला, दोन्ही हात मागे नेऊन घट्ट अंबाडा घातला, पिना खोचल्या. कितीतरी महिन्यांनी आपल्या हाताने घातलेला अंबाडा, पण तिला काडीचाही आनंद झाला नाही. हात मांडीवर ठेवून ती वाट बघत बसली.

सात वाजता मनस्वी फणी घेऊन आली आणि दोन पावलांवर थबकली.

"बरा झाला हात," भागीरथी पुढेच बघत म्हणाली. "परवा-तेरवा नाय, तीन आठवडे झाले. मी खोटं बोलले. तुला रजा टाकायला लावत व्हते, मला लाज वाटते. पन तू सकाळची यायची बंद व्हशील, त्याची भीती वाटली मला."

पडवीत कुकरची शिट्टी झाली. भागीरथीने मान वळवली नाही, तिची हिंमतच झाली नाही. आता पावलं परत फिरतील, असं समजून ती कान देऊन बसली.

पावलं जवळ आली.

"हा काय अंबाडा घातलाय?" मनस्वी म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण सूर अगदी भांडणाचा. "एका अंगाला लोंबतोय नुसता. असं घेऊन गावात फिरणार काय तुमी? सरळ बसा."

तिने एकेक पिन काढली, केस मोकळे सोडले आणि फणी लावली. भागीरथी सरळ बसली. डोळ्यांतलं पाणी तिने तसंच गालावरून वाहू दिलं.

अंबाडा काही वाकडा नव्हता. तिने आरशात दोनदा बघून खात्री केली होती.