कुटार आणि जेट गाडी

शुक्रवारी सकाळी कस्तुराकाकूचा फोन आला. "निकिता, पयले वावरात ये. तुये काका हरभऱ्याचा ढीग रुळाकडं नेऊन राह्यले."

जगदेवकाकांचं जऊळक्याचं वावर रुळाला लागून आहे. हरभरा मळून झाला होता, पण चार दिवस वारं पडलं होतं. दाण्यांत मिसळलेलं कुटार, म्हणजे भुसा, काही वेगळं होत नव्हतं. अशात काकांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. टपावर विमानाची दोन इंजिनं लावलेली रेल्वेगाडी जऊळका स्टेशनातून सुसाट जाते. खाली लिहिलेलं: रविवारी अकरा वाजता चाचणी.

"तिचा वारा फुकट जाऊ देऊ काय?" काका ट्रॉलीजवळ उभे होते. "ढीग रुळाजवळच्या धुऱ्यावर, बांधावर टाकतो. गाडी गेली का कुटार तिकडं, चना इकडं. चाळीस जनाईले पाह्यले बलावलं मी."

वर्षाचा सगळा हरभरा त्या ढिगात होता.

"काका, जेटचा वारा कुटार आणि दाणा वेगळा करत बसत नाही. दोन्ही नेतो. आणि अशी गाडी होती ती अमेरिकेत, १९६६ साली. ताशी तीनशे किलोमीटरच्या जवळ पोचली. चाचण्या झाल्या आणि इंजिनं उतरवली."

"पाह्य! म्हंजे खरीच हाय."

मी त्यांना माझ्या स्कूटरवर बसवून स्टेशनवर नेलं. "आता व्हिडिओ लावा. मग वर बघा."

काकांनी वर पाहिलं, मोबाईलमध्ये पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. रुळांवर विजेची तार होती. व्हिडिओत स्टेशनची पाटी होती, बाकडं होतं. तार नव्हती, खांबही नव्हते.

"टपावर इंजिन असतं तं तारेत अडकलं असतं," ते सावकाश म्हणाले. "कोन्या बुद्दूनं बनवला बे हा?"

"आणि कोणी चाळीस जणांना धाडला?"

काका इतके हसले की बाकड्यावर बसावं लागलं. तिथूनच त्यांनी ग्रुपवर आवाज पाठवला. "जेट गाडी येत नाई. मी खोटं धाडलं, माफ करा. पन बलावलं ते बलावलं. रविवारी घरचे कूलर घेऊन या, कुटार उडवाचं हाय."

सात कूलर आले. विहिरीच्या मोटरवरून वीज घेतली, ढिगाशेजारी ताडपत्री अंथरली. काकांनी पहिलं सूप ओतलं, तर कुटारासोबत दाणेही ताडपत्रीबाहेर गेले.

"अरे अरे! कूलरनंच पळून राह्यला, जेटनं तं पार अनसिंग गावाले गेला असता!" काका म्हणाले.

मी एकेक पाऊल कूलर मागे घेत गेले. चौथ्या पावलाला जमलं: दाणे सरळ खाली, कुटार पलीकडे. मग सुपासाठी भांडणं लागली.

"उदयसिंग, दहा सुपं झाले तुये. आता सरक!" काकू एका शेजाऱ्यावर ओरडली.

चार वाजता ताडपत्रीवर स्वच्छ, पिवळा ढीग उभा होता. काकांनी त्यात कोपरापर्यंत दोन्ही हात खुपसले आणि काढेचनात.

"हात धुवा आता," काकू म्हणाली, "जेवाले वाढलं."