अजून हवा आहे

"धरलाय. खोल."

मुलीने पान्याने पुढच्या चाकाजवळचा, ब्रेकमधली हवा सोडायचा निपल जरासा सैल केला. पारदर्शक नळीतून ब्रेकचं तेल सरकलं, मागोमाग बारीक बुडबुडे आले, आणि बाबांच्या मुठीतला लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकला.

"आवळ. आवळलास? सोडतोय हं."

जिन्याखालच्या त्या चिंचोळ्या जागेत मोटरसायकल, बाप आणि लेक एवढीच मावत. कुणाला जायचं झालं तर तिला पुढच्या चाकाला बिलगावं लागे. टाकीवर तेल सांडून रंग उडू नये म्हणून बाबांनी ओलं फडकं अंथरलं होतं. नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेलं. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सिरिंजमधली हवा वर यावी म्हणून टिचकी मारतात, तशी ती सवयीने ब्रेकच्या होजला, त्या काळ्या रबरी नळीला, टिचक्या मारत होती.

"झालं असेल आता, बाबा. नळी स्वच्छ दिसतेय."

बाबांनी लिव्हर दाबून पाहिला, डोळे मिटून, वैद्याने नाडी पाहावी तसा. "अजून हवा आहे."

"कुठून येते एवढी?"

"जुनी गाडी. वायसर थकले असतील. तेलात हवा राहिली की ब्रेक लागत नाही; अशा गाडीवर त्या उतारावर जायचं नाही."

तो उतार गावाबाहेर होता आणि त्याच्या पलीकडे मोठं इस्पितळ. तिथल्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. बस तिकडे जात नसे, म्हणून तर तिने ही गाडी घेतली. आजवर तिचं सगळं आयुष्य या एका गल्लीत गेलं होतं: घर, कोपऱ्यावरची दोन खोल्यांची प्रयोगशाळा, आणि मध्ये बाबांची खिडकी. ती कामावर पोचली की बाबांना खिडकीतून दिसे. दुपारी प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवलं नाही, तर संध्याकाळी विचारत, "आज दार का लावलं होतं?" आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

बाबा बस चालवायचे. एकदा भरल्या बसचे ब्रेक त्याच उतारावर गेले. त्यांनी बस दगडी कठड्याला घासत घासत नेऊन थांबवली. कुणाला खरचटलंही नाही, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. पण त्यानंतर त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

म्हणून ती त्यांचं ऐकत होती. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी लिव्हर पिचपिचीत लागला. तिने इस्पितळात कळवलं, मुदत मागून घेतली. ब्रेक दोघांनी मिळून नीट केले. पुढच्या वेळी निघताना पुन्हा तेच, पुन्हा मुदत. वायसर बदलले, तेल सीलबंद बाटलीतलं नवं घातलं. तरीही हवा होतीच. समोरची शिंपीणबाई मशीनवरून मान वर करून म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय!" ती हसली, पण वर जाऊन उशीत तोंड खुपसून पडली. आपल्या नशिबातच खोट आहे, असं तिला वाटू लागलं होतं.

रुजू व्हायच्या तिसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी ब्रेक दगडासारखे घट्ट होते. सकाळी ती डबा भरून खाली येत होती. चपला हातात होत्या, म्हणून पायांचा आवाज झाला नाही. जिन्याच्या वळणावर ती थांबली.

बाबा पुढच्या चाकाशी बसले होते. एक हात वर लिव्हरवर, एक निपलवरच्या पान्यावर. नळी लावलेली नव्हती. निपल उघडा ठेवून ते लिव्हर दाबत होते आणि सोडत होते. दर सोडण्याबरोबर आत हवा ओढली जात होती. काम सफाईने चाललं होतं. खाली पडलेले थेंब ते फडक्याने पुसत होते.

"बाबा."

त्यांनी मान वळवली नाही. आधी निपल आवळला, मग पाना खाली ठेवला.

"तिन्ही वेळा तुम्हीच?"

त्यांनी फडकं उचलून बोटं पुसली.

"मी न बघता निघाले असते तर? उतारावर गेल्यावर कळलं असतं तर?"

"तू बघतेसच," ते म्हणाले. "गाडी हलवायच्या आधी लिव्हर दाबतेस. मीच शिकवलंय तुला."

तिला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. पण तिने डबा आणि चपला पायरीवर ठेवल्या. त्यांचं सगळं शिकवणं, ती काळजी, ते डोळ्यांत तेल घालून बघणं, सगळं तिला कोंडायच्या कामी आलं होतं. आणि ती दर वेळी त्यांच्या शेजारी बसून, त्यांना मदत करून, वर आभार मानत होती.

"व्हा बाजूला."

"एकटीने नाही जमायचं. दोन माणसं लागतात."

"बघते."

तिने नळी चढवली, बाटली चाकाशी टेकवली, टाकीवर फडकं टाकलं. डावा हात वर ताणून लिव्हर धरला, उजव्या हाताने निपल खोलला. खांदा भरून आला. दोनदा पाना निसटून बोटाचं सालपट निघालं. बाबा पायरीवर बसून होते. अधूनमधून त्यांच्या तोंडून नकळत निघे, "आवळ आधी... मग सोड." ती उत्तर देत नव्हती, पण तसंच करत होती. हँडलवरच्या डबीत तेल घातलं, झाकण लावलं, चाकाशी सांडलेलं धुऊन काढलं. लिव्हर घट्ट झाला. तोवर ऊन गल्लीत आलं होतं.

उतारावर ती पहिल्यांदाच एकटी गेली. ब्रेकनी साथ दिली. तिने मात्र शेवटपर्यंत लिव्हरवरची बोटं काढली नाहीत. बाबांची भीती केव्हाची तिच्याही अंगात उतरली होती.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेची प्रमुख बाई वाईट नव्हती. "अहो, तुम्ही दोनदा मुदत घेतलीत. आज सकाळीही वाट पाहिली," ती म्हणाली. "शेवटी दुसरीला घेतलं. कुणी रजेवर गेलं तर बोलावीन, फोन नंबर ठेवून जा."

ती गल्लीत परत आली. बाबा खिडकीतच होते. तिने गाडी जिन्याखाली लावली नाही. दोन घरं सोडून वेल्डरच्या अंगणात लावली आणि किल्ली गळ्यात अडकवली.

जेवताना बाबा म्हणाले, "लवकर आलीस."

"जागा गेली."

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिने पाहिलं: आधी सुटका, आणि लगेच त्या सुटकेची लाज. तिला वाटलं होतं, आपल्याला त्यांचा राग येईल. आला नाही. तेच तिला जास्त जड गेलं. रागाच्या बळावर तरी बाहेर पडता आलं असतं.

"मी बोलू का त्यांच्याशी?" ते म्हणाले. "सांगतो, चूक माझी होती."

"नको. तुमच्यामुळे गेली हे तिथे कळायला नको. मला परत जायचंय."

ती अजून कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेतच आहे. फोन आलेला नाही. रोज सकाळी कामाआधी ती वेल्डरच्या अंगणातून गाडी काढते, उताराच्या माथ्यापर्यंत जाते. तिथून इस्पितळाची छपरं दिसतात. थोडा वेळ इंजिन चालू ठेवून ती उभी राहते, मग गाडी वळवते आणि वेळेवर येऊन प्रयोगशाळेचं दार उघडते. दुपारी ते लावून घेते. संध्याकाळी बाबा काही विचारत नाहीत.