शाल नको, पान द्या

मित्रांनो, आमच्या वाडीत मला ओळखत नाही असा एकही बैल नाही. मी भागोजीची जुनी काठी. पोलादपूरच्या डोंगरातल्या बांबूच्या बेटातून त्याने मला तोडले, चुलीच्या धगीवर सरळ केले, तेल पाजले. तेव्हापासून वाडीची गुरे आम्ही दोघांनी राखली. मारायची वेळ क्वचितच आली; नुसते उगारले की काम भागे.

आमच्याकडे शिमगा झाला की गावकी गुराख्याच्या हातावर पान-सुपारी ठेवते. पान मिळाले की वर्षाचे काम पक्के. यंदा मात्र गावकीला मायेचा उमाळा आला. भागोजीचा गुडघा दुखतो, त्याला विश्रांती द्यावी, असे ठरवून गावकीचे प्रमुख रावजी यांनी त्याला शाल-नारळ दिला, भाषणही ठोकले. पान गेले तरुण हृतिककडे. भागोजी सगळ्यांसमोर हसला, घरी आला आणि मला आढ्याला टांगून बसून राहिला. त्याचे जेवण तुटले. मला भुंगा लागला. सत्काराने दुसऱ्या कोणाचे एवढे हाल झालेले मी पाहिले नाहीत.

महाडला कॉलेजात शिकणारी त्याची नात सेजल सुट्टीला आली. आजोबांची दशा पाहून ती आजीला, बयाबाईला, सांगू लागली, की कंपन्या कमी केलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेतात, त्याला इंग्रजीत ‘रीहायर’ म्हणतात. ‘री’ म्हणजे पुन्हा, तो लॅटिनमधून आलेला. ‘हायर’ म्हणजे मजुरी देऊन ठेवणे, तो जुन्या इंग्रजीतला. दोघांची सोयरीक झाली आणि शब्द जन्मला.

बयाबाईने भाकरी तव्यावरून उतरवली, हात धुतले, शालीची घडी घातली. मला आढ्यावरून काढून टेकत टेकत ती थेट रावजींच्या ओटीवर गेली.

“भावजी, उबेला आमची घोंगडी हाय,” ती म्हणाली. “ही शाल घ्या नि ह्यांना पुन्हा पान द्या. बसून माणूस बरा होत नाय.”

रावजी खजील झाले. आपण मानच दिला असे ते समजत होते. गुडघ्याचे काय, असे त्यांनी विचारले, तर बयाबाईकडे उत्तर तयार होते: चढणीची गुरे हृतिककडे, ओढ्याकाठची भागोजीकडे. रावजींनी पानाचा डबा पुढे ओढला.

त्या संध्याकाळी भागोजीने मला तेल लावले, भोके मेणाने बुजवली आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. शाल रावजींनी परत घेतली नाहीच. ती सध्या एका नव्या वासराच्या पाठीवर आहे.

मित्रांनो, जुन्याला विसावा जरूर द्या, पण आधी त्याला विचारा. हातातली काठी झिजते, हे खरे. भुंगा मात्र टांगलेल्या काठीलाच लागतो.